शिक्का नसलेला परदेश

कोरेगाव भीमाच्या गौतमी भालेरावला कुणी सांगितलं की आज ऊन फार कडक आहे, तर ती आधी अंगणात जाऊन हात उन्हात धरायची आणि मग म्हणायची, "हाय खरं." असली पोर. दूधवाल्यानं माप भरून दिलं तरी ही पातेलं हलवून बघणार. आईनं "मीठ घातलंय गं आमटीत" म्हटलं तरी बोट बुडवणार. घरात तिला फौजदारीण म्हणायचे. पण तिला एकटीला बोल लावून काय उपयोग? खाण तशी माती. तिचा बाप मच्छिंद्र सणसवाडीच्या एका कंपनीत मशीनवर होता, आणि संशयाच्या बाबतीत तो लेकीला चार वर्षं शिकवील असा माणूस.

मच्छिंद्रचा विश्वास जगात एकाच वस्तूवर होता, शिक्का मारलेल्या कागदावर. त्याला हसू नका. त्याच्या जन्मात त्याला कागदाशिवाय कुणी आत घेतलंच नव्हतं. शाळेत नाव घालायला दाखला, स्कॉलरशिपला दाखला, नोकरीला दाखला, आणि तो दाखला खरा आहे म्हणून आणखी एक दाखला. कंपनीच्या गेटवर रोज तोच वॉचमन आणि रोज तोच मच्छिंद्र, तरी कार्ड दाखवल्याशिवाय पाऊल आत नाही. एकदा कार्ड घरी राहिलं, तर आदल्या दिवशी ज्या वॉचमनबरोबर चहा प्याला त्यानंच त्याला परत धाडलं. खाडा पडला तो पडलाच. त्या दिवसापासून मच्छिंद्रनं कानाला खडा लावला. सगळ्या घरादाराचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी तो सदऱ्याच्या आत, छातीशी बाळगायचा. बायको करुणा म्हणायची, "सवत परवडली, ही पिशवी नको."

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात मच्छिंद्रच्या आईनं, भागुबाईनं, हट्ट धरला. बुद्ध जन्मला ती जागा तिला बघायची होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि तिला घाई झाली होती.

"आये, लुंबिनी नेपाळात हाय. परदेश हाय तो," मच्छिंद्र म्हणाला.

"आसंना का. बुद्धाला कुणी इचारलं व्हतं का, कुठल्या देशात जलमतो म्हणून?"

करुणाचा भाऊ सतीश दौंडला रेल्वेत होता. तो मागच्याच वर्षी मंडळींबरोबर तिकडं जाऊन आला होता. तो म्हणाला, "दाजी, पासपोर्टबिसपोर्ट काय लागत न्हाई. गोरखपूरला उतरायचं, बस धरायची, बॉर्डरवरनं चालत पलीकडं. मतदानाचं कार्ड ठेवा जवळ, बास." मच्छिंद्रनं मान डोलावली, पण मनात म्हणाला, मेव्हण्याचं काय जातंय सांगायला. परदेशात काय कुणी चालत जातं?

इकडं गौतमी आठवीत होती. भूगोलाला साकोरे सर. केंदूरहून मोटारसायकलवर यायचे, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पृथ्वीचा गोल. सर शिकवायचे चांगलं, त्यात खोट नाही. पण त्यांची एक रीत होती: सांगितलेलं पाठ करायचं, उलट विचारायचं नाही. आणि गौतमीचं तर विचारल्याशिवाय पोटच भरायचं नाही. त्या वर्षी प्रमाणवेळेचा धडा चालला होता. पृथ्वी फिरते, एका रेखावृत्तामागं चार मिनिटांचा फरक पडतो, वगैरे. गौतमीनं हात वर केला.

"सर, मग कोलकात्यात सूर्य आधी उगवतो, तर तिथलं घड्याळ आन् आपलं घड्याळ सारखंच कसं?"

"देशानं एकच वेळ ठरवली आहे म्हणून."

"पण सूर्य तर वेगळा उगवतो. मग घड्याळ खोटं का सूर्य?"

वर्ग फिदीफिदी हसला. सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "घड्याळ सूर्याचं ऐकत नाही, देशाचं ऐकतं. बस खाली." गौतमी बसली, पण तिचं समाधान झालं नाही. सर वेळ मारून नेतायत, असंच तिला वाटलं.

परीक्षा संपल्यावर सरांनी एकेकाला विचारलं, सुट्टीत कुठं जाणार? कुणी मामाच्या गावाला, कुणी पुण्याला आत्याकडं. सारिकाच्या वडिलांचा गुलाबाचा मळा होता, ती महाबळेश्वरला जाणार होती. गौतमी उभी राहिली. "सर, आम्ही परदेशात चाललोय. नेपाळला."

"विमानानं का गं?" सारिकानं विचारलं.

"न्हाई. दौंडवरनं, रेल्वेनं."

झालं. दौंडवरनं परदेश! पोरं बाकं बडवायला लागली. सरांनी शांत केलं आणि विचारलं, "वडिलांकडं पासपोर्ट आहे?"

"न्हाई सर."

"मग कसला परदेश? पासपोर्टशिवाय देश ओलांडता येत नाही, गौतमी." वर्षभराचा राग काढायची संधी अशी आयती हातात आल्यावर कोण सोडतो? "तू सगळ्यांना पुरावा मागतेस ना? मग जूनमध्ये आम्हाला पुरावा दे. नाही दिलास, तर नववीचं अख्खं वर्ष माझ्या तासाला हात वर करायचा नाही. कबूल?"

"कबूल," गौतमी म्हणाली. तोंडातून शब्द गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. हात वर करायचा नाही म्हणजे शाळेत जायचं तरी कशाला?

आता तिचा संशय सरांवरून उडाला आणि बापावर जाऊन बसला. सर शिकलेले. पासपोर्ट लागतो म्हणाले म्हणजे लागत असणार. मग पप्पा आपल्याला नेतायत तरी कुठं? तिनं पाळत ठेवली. करुणा भाकऱ्या बडवत होती, शेंगदाण्याची चटणी डब्यात दाबून भरत होती. मच्छिंद्र पिशवीतले कागद काढून परत परत बघत होता. त्यात रेशनकार्ड होतं, मतदानाची कार्डं होती, लाइटबिलसुद्धा होतं. नेपाळ म्हणावं असं काहीच नव्हतं.

"पप्पा, आपुन खरंच परदेशात जाणार ना?"

"तिथं गेल्यावर कळंल," मच्छिंद्र म्हणाला, आणि त्यानं नजर दुसरीकडं वळवली. त्याचं त्यालाच खात्रीनं ठाऊक नव्हतं, ते लेकीला कसं सांगणार? पण पोरीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पप्पा म्हातारीची समजूत काढायला गोरखपूरला एखादं देऊळ दाखवणार आणि हेच नेपाळ म्हणून सांगणार, असं तिनं मनाशी पक्कं धरलं. बापाचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

शिक्रापूरहून जीपनं केडगाव, चौफुला करत ते दौंडला पोचले. सतीशनं गाडीत बसवून दिलं. गाडी सुटायच्या आधीच मच्छिंद्र तिकीट तपासनीसाला हुडकून आला. त्यानं न मागता तिकिटं दाखवली आणि ती खरी आहेत का विचारलं. तपासनीस म्हणाला, "अहो, मी येणारच आहे की डब्यात." तरी मच्छिंद्रनं ती त्याला दोन्ही बाजूंनी बघायला लावली.

गोरखपूरला उतरून त्यांनी बस धरली आणि दुपारी सीमेवर पोचले. गौतमीनं नकाशात सीमा पाहिली होती: तुटक तुटक ठळक रेघ. तिला वाटलं होतं, तार असेल, भिंत असेल, निदान चुन्याची फक्की तरी असेल. इथं धुरळ्यानं भरलेला रस्ता, सायकलरिक्षा, मालट्रकांची रांग, एक मोठी कमान, आणि कमानीखालून डुलत डुलत पलीकडं चाललेली एक म्हैस. माणसं भाजी आणायला जावी तशी जात होती नि येत होती.

मच्छिंद्रनं सगळ्यांना रांगेत उभं केलं. पुढं आई, मग करुणा, मग गौतमी, शेवटी आपण. हातात कार्डं धरली. शिपायासमोरून ते चालत गेले, पण शिपायानं मानसुद्धा वर केली नाही.

मच्छिंद्र थांबला. गेटवर कुणी अडवत नाही, म्हणजे हे गेटच नव्हे, असं त्याचं साधं गणित. तो मागं फिरला. "साब, हमारा कार्ड देखो."

"जाइए, जाइए."

"नहीं साब, देखो तो. पूरा फॅमिली का है."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. शिपायाला वाटलं, जो माणूस स्वतः होऊन तपासा म्हणतो त्याच्याकडं नक्की काहीतरी असणार. त्यानं सगळ्या पिशव्या रस्त्यात उघडायला लावल्या. लुगडी बाहेर आली, भाकऱ्या बाहेर आल्या. चटणीच्या डब्याशी तो अडला. लाल भुकटी बघून त्याचे डोळे बारीक झाले. त्यानं चिमूटभर जिभेवर ठेवली आणि पाण्यासाठी धावला. करुणा शरमेनं अर्धी झाली. मच्छिंद्र मात्र पहिल्यांदा सुखावला. कुणीतरी तपासलं एकदाचं.

"अब शिक्का मारो, साब," तो म्हणाला.

"कैसा सिक्का? निकलो यहाँ से!"

कमान ओलांडून थोडं पुढं गेल्यावर मच्छिंद्रनं आजूबाजूला पाहिलं, सामानाची पिशवी खाली ठेवली आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसला. दुकानांच्या पाट्या आपल्याच बाराखडीतल्या. दुकानदार हिंदी बोलणारे, आपलेच पैसे घेणारे.

"हे नेपाळ न्हाई," तो म्हणाला. "सतीशनं फशिवलं आपल्याला. शिक्का न्हाई, कागद न्हाई, परदेश आसा आसतो व्हय? पुढं न्हिऊन लुटत्याल कुणी. मी काय हितनं हालत न्हाई."

"तू बस," भागुबाई म्हणाली. "मी इचारत इचारत जाती." आणि ती खरंच चालायला लागली. करुणानं धावत जाऊन तिला धरलं.

गौतमी बापाकडं बघत राहिली. म्हणजे पप्पा आपल्याला फसवत नव्हते. त्यांनाच कुणी फसवलंय असं त्यांना वाटत होतं. तिचा राग पार उतरला आणि त्या जागी भीती आली. हे नेपाळ नसलं तर म्हातारी रिकामी परत जाणार, आणि जूनमध्ये आपण तोंड बंद करून बसणार.

चहाच्या दुकानात भिंतीवर घड्याळ होतं. मच्छिंद्रच्या मनगटावर घड्याळ होतं. ते मागून घेऊन गौतमीनं सहज ताडून पाहिलं, तर भिंतीवरचं पाव तास पुढं. घड्याळ बिघडलंय, तिला वाटलं. पण संशयी माणूस एकावर थांबत नाही. ती शेजारच्या कापडवाल्याकडं गेली, तिथंही पाव तास पुढं. औषधाच्या दुकानातही तसंच. मग ती कमानीखालून परत मागं आली. म्हशीला अडवलं नाही तसं तिलाही कुणी अडवलं नाही. अलीकडच्या हॉटेलात घड्याळ होतं, ते पप्पांच्या घड्याळाशी बरोबर जुळत होतं. नकाशातली ती रेघ जमिनीवर कुठंच नव्हती. ती घड्याळांतून गेली होती.

ती धावत बापाकडं आली. धापा टाकत तिनं सगळं सांगितलं. "पप्पा, सर म्हणले व्हते, घड्याळ देशाचं ऐकतं. हितली घड्याळं आपल्या देशाचं ऐकत न्हाईत."

"घड्याळाचं नगं सांगू मला," मच्छिंद्र म्हणाला. "कंपनीतलं घड्याळ आत जाताना पुढं आसतं आन् सुटताना मागं. मालक ठरवंल तसं चालतं ते."

"मग तेच की! हितला मालक येगळा हाय."

मच्छिंद्रनं तिच्याकडून घड्याळ घेऊन मनगटाला बांधलं. मग उठला, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाला, "चल. बघू." त्याला पटलं म्हणून तो उठला का आई पुढं निघाली होती म्हणून, हे काही गौतमीला कळलं नाही.

जीपनं ते लुंबिनीला पोचले. जीपवाल्याकडं मच्छिंद्रनं तिकीट मागितलं, तर तो नुसता हसला. भागुबाईनं त्या जागेवर कपाळ टेकलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली. तिचा नवरा, तिचा बाप, सगळे हे न बघता गेले होते, त्यांची नावं घेऊन ती रडत होती. चहावाल्याकडून सुटे मिळालेली तिकडची नाणी तिनं सगळीच्या सगळी दानपेटीत टाकली. प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणारी गौतमी तिथं काही मागायच्या भानावर नव्हती. आजीच्या पाठीवर हात ठेवून तीही रडली. आणि मच्छिंद्र? तो पलीकडं एका भंतेजींना गाठून विचारत होता, "भंतेजी, यही असली जगह है ना?" गौतमीला ते ऐकू आलं आणि तिला बापाची चीड आली. अजून याला खात्री नाही!

जूनमध्ये शाळा उघडली. साकोरे सर विसरले नव्हते, आणि सारिका तर मुळीच नव्हती. गौतमीला फळ्यापाशी उभं केलं. तिनं कमान सांगितली, म्हैस सांगितली, घड्याळं सांगितली.

"पाव तास?" सर म्हणाले. "देशादेशांत तासाचा फरक असतो, फार तर अर्ध्या तासाचा. पाव तासाचा मी कधी वाचला नाही. दुकानातली घड्याळं पुढं असतील."

"सगळ्या दुकानातली, सर?" आणि घाईघाईत तिनं आणखी एक गोष्ट सांगून टाकली, जी सांगितली नसती तर बरं झालं असतं. "तिथलं कॅलेंडरबी येगळं हाय. त्याच्यावर साल दोन हजार एकसष्ट व्हतं."

नेपाळचं घड्याळ खरंच पाव तास पुढं असतं आणि तिथं विक्रम संवताचं साल चालतं, हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. मग काय विचारता! वर्ग कोसळला. "पुढच्या काळात जाऊन आली," कुणीतरी म्हणालं. सारिकानं डोळे पुसले इतकी ती हसली. सर हसले नाहीत, ते उलट वाईट वाटल्यासारखे बोलले. "थापा मारायची सवय बरी नाही. उद्या वडिलांना घेऊन ये."

घरी तिनं सांगितलं तेव्हा मच्छिंद्रनं पहिला प्रश्न केला, "काय कागद लागत्यात?"

"आपल्याकडं हायेच काय?" गौतमी म्हणाली, आणि जेवली नाही. बाप काय बोलणार ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. शिक्का न्हाई, म्हणून मी काय सांगू शकत न्हाई. खोटं तो बोलणार नाही, आणि खरं त्याला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा निळा शर्ट घालून मच्छिंद्र वर्गाच्या दारात उभा राहिला. चपला बाहेर काढल्या. सर म्हणाले, "या भालेराव. एवढंच सांगा, तुम्ही नेपाळला गेला होता का?"

मच्छिंद्रनं शर्टात हात घालून पिशवी काढली. एकेक कार्ड टेबलावर मांडलं. सरांनी ती चाळली. "यात नेपाळ कुठंय?"

"न्हाई सर. शिक्का देत न्हाईत तिथं. मी मागितला व्हता."

मागच्या बाकावर खुसखुस झाली. गौतमीनं मान खाली घातली. फरशीवरचं काहीच तिला दिसत नव्हतं.

"सर, खरं सांगतो," मच्छिंद्र म्हणाला. "तिथं हुबा आसून मलाबी खरं वाटत नव्हतं. शिक्का न्हाई म्हणून मी रस्त्यात बसून ऱ्हायलो. ही पोर दुकानादुकानातनं हिंडली, पलीकडची घड्याळं बघितली, अलीकडची बघितली, आन् तुमी वर्गात शिकवलं ते मला सांगितलं. तवा मी उठलो. आजवर कागद बघितल्याबिगर मी कुणाचंच खरं मानलं न्हाई. आईचंबी न्हाई. हिचं मानलं. आता ती म्हणती ते नेपाळ व्हतं, तर ते नेपाळ व्हतं. तुमी माना, नाहीतर नका मानू."

त्यानं कार्डं गोळा केली. "सेकंड शिफ्ट हाय," असं म्हणून त्यानं सरांना हात जोडले, दाराबाहेर चपला घातल्या आणि तो गेला.

साकोरे सरांनी टेबलावरचा पृथ्वीचा गोल बाजूला सरकवला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "गौतमी, जागेवर जाऊन बस. आणि काही विचारायचं असलं तर कर हात वर."

तिनं हात वर केला नाही. पप्पा, तुमी खरंच माझ्या बोलण्यावर उठला व्हता का, एवढंच तिला विचारायचं होतं, पण ते सरांना विचारायचं नव्हतं, आणि पप्पा तर एव्हाना कंपनीच्या वाटेवर नगर रोडला पोचले होते. ती बाकावर बसली आणि सगळ्या वर्गादेखत, तोंड न झाकता, रडायला लागली.